लोंबत्या नाडीचे रौप्यमहोत्सव

१९७१ साली दादरच्या कोहिनूर टॉकीजमध्ये ‘सोंगाड्या’ लागायचा होता. बुकिंग झाले होते. ऐनवेळी थिएटरच्या मालकाने शब्द फिरवला, कारण देव आनंदचा ‘तेरे मेरे सपने’ तयार होता. धंद्याच्या हिशेबाने त्यात वावगे काहीच नव्हते. तिकडे विजय आनंद यांचे दिग्दर्शन, देव आनंद आणि मुमताज, सचिनदेव बर्मन यांचे संगीत. इकडे ढगळ अर्धी चड्डी घातलेला आणि तिची नाडी पुढे लोंबती सोडलेला एक नट, ज्याचे नाव हिंदीवाल्यांनी ऐकलेही नव्हते. गल्ल्यावर बसलेल्या कोणीही हेच केले असते.

तो नट म्हणजे दादा कोंडके. ते बाळासाहेब ठाकऱ्यांकडे गेले. शिवसेना तेव्हा पाच वर्षांची होती आणि मराठी माणसावरच्या अन्यायाची इतकी आयती गोष्ट तिला रोज मिळत नव्हती. शिवसैनिक कोहिनूरवर धडकले, ‘सोंगाड्या’ लागला आणि लागला तो उतरेचना. पंचवीस आठवडे झाले, रौप्यमहोत्सव झाला.

हा प्रसंग इतक्यांदा सांगून झाला आहे की त्याची आता दंतकथाच झाली आहे. कोणी सेनेचा मोठेपणा म्हणून सांगतो, कोणी दादांचा. मला त्यातला हिशेब वेगळा दिसतो. मोर्चा नेऊन थिएटर मिळवता येते, पहिला आठवडा मिळवता येतो. दुसऱ्या आठवड्यापासून तिकीटबारीवर रांग लावणे कोणत्याही सेनेच्या हातात नसते. ती रांग दादांनी लावली, आणि पुढची अकरा वर्षे लावत राहिले. ‘सोंगाड्या’पासून १९८२ च्या ‘आली अंगावर’पर्यंत त्यांच्या नऊ चित्रपटांनी एकापाठोपाठ एक रौप्यमहोत्सव केले. गिनीज बुकाचा दाखला लोक अजून देतात तो याचाच. आणि तरीही त्या अकरा वर्षांत ‘चांगला मराठी चित्रपट’ म्हटले की सुशिक्षित घरात ज्यांची नावे निघत, त्यांत दादांचे नाव नसे. निघालेच तर आवाज थोडा खाली आणून, मुले शेजारच्या खोलीत आहेत ना हे बघून.

गंमत अशी की पडद्यावर त्यांचे पहिले पाऊल पडले ते मानाच्या पंगतीत. भालजी पेंढारकरांच्या ‘तांबडी माती’त (१९६९) त्यांना पहिली भूमिका मिळाली. नाटकातले त्यांचे काम पाहून आशा भोसल्यांनी भालजींकडे त्यांचे नाव सुचवले होते. या चित्रपटाला संगीत ‘आनंदघन’ यांचे, म्हणजे टोपणनावाने लता मंगेशकरांचे. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला. म्हणजे कोल्हापूरची परंपरा, मंगेशकरांचे सूर आणि दिल्लीचा शिक्का हे सगळे दादांना पहिल्याच झटक्यात लाभले. पुढे स्वतः निर्माते झाल्यावर त्यांनी ती वाट धरली नाही. का धरली नाही, हे कळायला नायगावला जावे लागते.

दादा, म्हणजे कृष्णा कोंडके, १९३२ साली नायगावच्या चाळवस्तीत जन्मले. मूळ गाव भोरजवळचे इंगवली, वडील बॉम्बे डाइंगमध्ये. गिरणगावातल्या कोकणी-घाटी घरांची जी ठरलेली कहाणी, तीच त्यांचीही. पोटासाठी त्यांनी अपना बाजारमध्ये किरकोळ पगारावर नोकरी केली आणि हौसेसाठी बँडमध्ये वाजवले. मग राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात गेले. त्या काळी सेवा दल हे निम्म्या मराठी रंगभूमीची बालवाडी होते म्हटले तरी चालेल. निळू फुले तिथलेच, राम नगरकर तिथलेच. समाजवाद शिकवता शिकवता सेवा दलाने महाराष्ट्राला हसवणारी माणसे दिली. हे बहुधा कोणत्याही समाजवादी कार्यक्रमपत्रिकेत लिहिलेले नव्हते.

दादांचे नाव झाले ते वसंत सबनिसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्याने. त्याचे दीड हजारांवर प्रयोग झाले. इथे थोडे थांबायला हवे, कारण पुढच्या सगळ्या भांडणाचे मूळ ‘लोकनाट्य’ या शब्दात आहे.

स्वातंत्र्याच्या सुमारास बाळासाहेब खेरांच्या मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली होती. फडांवर अवलंबून असलेली हजारो पोटे उपाशी राहायची वेळ आली, ओरड झाली. मग तमाशा सुधारण्यासाठी समिती नेमली गेली आणि संहिता तपासून परवानगी देण्याची व्यवस्था झाली. त्याच काळात शिकल्यासवरल्या लेखकांनी तमाशाचा घाट उचलला. गण, गवळण, बतावणी, वग सगळे ठेवले, पण चावटपणा गाळला किंवा इतका पातळ केला की नाट्यगृहात सहकुटुंब बसता यावे. या धुऊन वाळवलेल्या तमाशाला लोकनाट्य म्हणायची रीत पडली. त्यातून काही उत्तम नाटके आली, यात शंका नाही. सबनिसांचे ‘विच्छा’ त्यांतले वरच्या पंक्तीतले. त्यात राजकारणावर कोपरखळ्या होत्या, हजरजबाबीपणा होता, शिवाय दादांच्या तोंडी रोज नवे काहीतरी असायचे. वकील, प्राध्यापक, कारकून पोट धरून हसले आणि आपल्या लोककलेचा त्यांना अभिमान वाटला.

दादांनी केले ते एवढेच. धुतलेला तमाशा त्यांनी उचलला आणि ज्यांच्या अंगणातून तो नेला होता त्यांच्याकडे परत नेऊन दिला. ‘सोंगाड्या’ची कथा लिहिली सबनिसांनीच, दिग्दर्शन गोविंद कुलकर्णींचे. लेखक तोच, नट तोच, विनोदाची जात तीच. फक्त प्रेक्षक बदलला आणि त्याबरोबर अभिप्रायही बदलला. नाट्यगृहात जो विनोद ‘अस्सल मराठी मातीतला’ होता, तो टॉकीजमध्ये ‘पिटातला’ झाला.

‘सोंगाड्या’ पुन्हा पाहिला तर एक गोष्ट चटकन लक्षात येते. नाम्या हा वयाने वाढलेला, पण अकलेने आईच्या पदराला धरून असलेला गडी. रत्नमालांनी रंगवलेली ‘आये’ करारी आहे, तिचा शब्द म्हणजे कायदा. हा गडी मित्रांबरोबर तमाशाला जातो, उषा चव्हाणांच्या कलावतीला बघून खुळावतो आणि आई त्याला घराबाहेर काढते. गोष्ट इतकीच. दादांच्या चेहऱ्यावर या सगळ्या काळात एकच भाव आहे: आपण काय बोललो हे आपल्याला कळलेलेच नाही. जे वाक्य तोंडातून निघते त्याचा सरळ अर्थ असतो, नाम्याला तोच ठाऊक असतो आणि तो शांतपणे पुढे जातो. दुसरा अर्थ थिएटरातल्या माणसाच्या डोक्यात उमटतो, आणि मग तो माणूस हसतो ते नाम्याला की स्वतःला, हे त्याचे त्यालाही सांगता येत नाही. तमाशातल्या सोंगाड्याचे हेच जुने कसब. मावशी, पेंद्या, गवळणी यांच्या संवादांत पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आले. दादांनी त्याला कॅमेऱ्यासमोर आणले आणि नाडी लोंबती ठेवली. ती नाडी नीट पाहा. ती फक्त अश्लील सूचना नाही. हा माणूस अजून कपडे घालायला शिकलेला नाही, अजून आईच त्याला बांधून देते, हेही ती सांगते. दोन अर्थ तिथेही आहेत.

‘सोंगाड्या’नंतर पुढच्याच वर्षी व्ही. शांताराम यांचा ‘पिंजरा’ आला. तोही तमाशाचाच, संगीतही राम कदमांचेच, आणि निळू फुले दोन्हीकडे. ‘पिंजरा’ने पैसाही कमावला आणि राष्ट्रीय पुरस्कारही. मग एकाच विषयाला दोन न्याय कसे? शांतारामबापूंची कारागिरी थोर होती, रंगांची, नृत्यांची, डॉ. श्रीराम लागूंच्या अभिनयाची जोड होती, हे मान्य. पण ‘पिंजऱ्या’त तमाशा हा मोह आहे. आदर्श गुरुजी त्याच्या नादी लागतो आणि धुळीला मिळतो. पांढरपेशा प्रेक्षकाला लावणी मनसोक्त बघता येते आणि शेवटी ‘बघा, असे होते’ असे म्हणत घरीही जाता येते. ‘सोंगाड्या’ ही सोय करून देत नाही. तिथे नाम्या तमाशात गेला म्हणून बिघडत नाही, उलट तिथेच तो माणसांत येतो. आईला तमाशा पाप वाटतो, चित्रपटाला वाटत नाही. माझ्या मते दादांवरचा खरा राग इथे होता. चावटपणा हे सांगायचे कारण झाले.

आता हे चित्रपट कुठे आणि कसे पाहिले गेले, तेही बघू. मुंबईत मराठी चित्रपटाच्या वाट्याला यायची ती बहुतेकदा मॅटिनी. दुपारचे, संध्याकाळचे, रात्रीचे खेळ हिंदीचे. पुण्यात, कोल्हापुरात परिस्थिती बरी. १९५९ चा ‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या विजयानंदमध्ये सव्वाशेहून अधिक आठवडे चालल्याची गोष्ट त्या पिढीच्या तोंडी होती. पण खरा पैसा आणि खरा हशा असायचा तालुक्याच्या टॉकीजमध्ये आणि जत्रेच्या तंबूत. ट्रकमधून यंत्र यायचे, रिळांच्या पेट्या उतरायच्या, बांबू उभे राहायचे, कापडी कनात लागायची. कर्ण्यावरून सकाळपासून नाव पुकारले जायचे. रात्री जनरेटरची धडधड आणि प्रोजेक्टरची करकर यांतूनच संवाद ऐकायचे. खाली माती, फार तर पोते. मध्येच रीळ तुटले की शिट्ट्या, आणि जोडले की पुन्हा शिट्ट्या. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला. ‘दादांचे चित्रपट बायामाणसांनी बघायचे नसतात’ हा नियम शहरातल्या दिवाणखान्यात झाला. तंबूतल्या बायकांच्या बाजूनेही हशा येई, आणि तो पुरुषांच्या बाजूपेक्षा कमी नसे. ओवी-उखाण्यांत वाढलेल्या बाईला दोन अर्थ कोणी शिकवायला लागत नव्हते.

मग आले १९७५. हे वर्ष जगभरच्या सिनेमासाठी विलक्षण ठरले. अमेरिकेत जूनमध्ये ‘जॉज’ लागला आणि प्रचंड गल्ल्याच्या चित्रपटांचे नवे युग सुरू झाले. आपल्याकडे १५ ऑगस्टला ‘शोले’ आला. मुंबईच्या मिनर्व्हात तो पुढची पाच वर्षे चालला, पण फिल्मफेअरच्या रात्री त्याला एकच बाहुली मिळाली, संकलनाची, आणि ती घेणारे होते आपले एम. एस. शिंदे. सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला ‘दीवार’. थोडक्या पैशांत काढलेला ‘जय संतोषी माँ’ त्याच वर्षीचा. लोक चपला बाहेर काढून आत जात आणि पडद्यावर नाणी उधळत. गल्ला आणि गौरव यांचे रस्ते वेगळे होण्याची इतकी उदाहरणे एका वर्षात क्वचितच सापडतील.

मराठीत त्या वर्षी दोन चित्रपट महत्त्वाचे. एक दादांचा ‘पांडू हवालदार’, दुसरा डॉ. जब्बार पटेलांचा ‘सामना’.

‘पांडू हवालदार’ हा दादांनी स्वतः दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट. पांडू भोळा, त्याचा सहकारी सखाराम लाचखाऊ. सखाराम झाले अशोक सराफ, जे तोवर फारसे कोणाला माहीत नव्हते. केळी विकणाऱ्या पारूच्या भूमिकेत उषा चव्हाण. संगीतासाठी दादांनी नागपूरकडच्या विजय पाटलांना आणि त्यांचे जोडीदार सुरेंद्र यांना घेतले आणि त्या जोडीचे नाव ठेवले राम-लक्ष्मण. पुढे राम गेले, लक्ष्मण एकटे राहिले, पण त्यांनी नाव तेच ठेवले आणि त्याच नावाने ‘मैंने प्यार किया’ आणि ‘हम आपके हैं कौन’ला संगीत दिले. म्हणजे नव्वदीत देशभरच्या लग्नांत जे संगीत वाजत होते, त्याचा जन्मदाखला दादांच्या कचेरीतला. आणि मुंबईत हवालदाराला ‘पांडू’ म्हणायची जी सवय आहे, ती या चित्रपटाने घरोघरी पोचवली. समीक्षकांच्या वहीत अशा गोष्टींसाठी रकाना नसतो.

‘सामना’ची तऱ्हा वेगळी. विजय तेंडुलकरांचे लेखन, निर्माते कवी रामदास फुटाणे. सहकाराच्या साम्राज्यावर बसलेला हिंदुराव धोंडे-पाटील आणि त्याच्या गावात भटकत आलेला दारुडा मास्तर यांच्यातला तो सामना. लागू मास्तर, निळू फुले हिंदुराव. बर्लिनच्या महोत्सवात तो स्पर्धेत गेला. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. जब्बार पटेलांच्या पुढच्या तीन चित्रपटांना, ‘जैत रे जैत’, ‘सिंहासन’ आणि ‘उंबरठा’ यांनाही तो मिळाला. मराठी चित्रपटाची मान या चार चित्रपटांनी उंचावली, हे कोणी नाकारू नये, मी तर नाकारणार नाहीच.

पण त्या चार चित्रपटांपैकी तिनांत निळू फुले आहेत. ‘जैत रे जैत’मधला भगत, ‘सिंहासन’मधला पत्रकार दिगू टिपणीस, आणि हिंदुराव. ‘सोंगाड्या’तला हाच नट. दादांच्याच सेवा दलाच्या कलापथकात, त्याच सतरंज्यांवर, त्याच ढोलकीवर घडलेला. पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलेला. निळूभाऊंना अभिजनांनी स्वीकारले आणि योग्यच केले. ‘सखाराम बाइंडर’ रंगवणाऱ्या माणसाला नाही स्वीकारायचे तर कोणाला? गावात ‘गाढवाचं लग्न’ रंगवणाऱ्या दादू इंदुरीकरांना तर संगीत नाटक अकादमीने गौरवले. ते तमासगीर होते, आणि तमासगीर असल्याबद्दलच त्यांचा सन्मान झाला. म्हणजे तमाशाचे वावडे दिल्लीलाही नव्हते, पुण्यालाही नव्हते. तमाशा फडातच राहिला तर तो लोककला ठरे. तोच तमाशा सलग पंचवीस आठवडे हाऊसफुल्ल चालू लागला की मात्र समाजाच्या अभिरुचीची काळजी सुरू होई.

सेन्सॉरशी दादांची लढाई हा वेगळाच तमाशा. दादांचे हत्यार साधे होते: म्हण. ‘आली अंगावर’ ही तर ‘आली अंगावर, घेतली शिंगावर’ या म्हणीची पहिली अर्धी ओळ. ‘बोट लावीन तिथे गुदगुल्या’ हा घराघरांतला बोलण्याचा प्रकार. ‘ह्योच नवरा पाहिजे’मध्ये तर हट्टाशिवाय दुसरे काय आहे? मंडळाने कापायचे ते काय? म्हण कापायची तर मराठी भाषाच कापावी लागेल. आणि दुसरा अर्थ दाखवून द्यायचा तर तो आपल्याला सुचला होता हे कबूल करावे लागणार. नाम्याचा भोळा चेहरा दादा तिथेही घेऊन जात. हिंदीत गेल्यावर ‘अंधेरी रात में दिया तेरे हाथ में’ असे नाव त्यांनी ठेवले. तिथे सगळा खेळ ‘दिया’ हे नाम आहे की क्रियापद एवढ्यावर. व्याकरणाचा इतका उपयोग कोणत्याही शाळामास्तराने करून घेतला नसेल.

सरकारचा हिशेब आणखी मजेचा. तिकिटावर करमणूक कर असे, आणि सत्तरच्या दशकात मराठी चित्रपट जगवण्यासाठी शासनाने करपरतावा योजना आणली. पहिल्या चित्रपटावर जमा झालेला कर निर्मात्याने पुढचा मराठी चित्रपट काढला की त्याला परत मिळायचा. हेतू चांगला होता. पण कर गोळा होतो तिकिटांवर, म्हणजे ज्याची तिकिटे जास्त खपली त्याला परतावाही जास्त. सरकार एका हाताने दर्जाची पदके देत होते आणि दुसऱ्या हाताने गल्ल्याच्या प्रमाणात पैसे. ज्या चित्रपटाला पदक, त्याला परतावा तुटपुंजा. जो नाक मुरडण्याजोगा, त्याला भरघोस. पुढे झटपट विनोदीपटांची जी रांग लागली, तिच्यामागे या योजनेचाही हात होता.

इतके म्हटल्यावर दुसरी बाजू सांगितली नाही तर मीही त्या मोर्चातलाच एक ठरेन. दादांचे सगळे चित्रपट ‘सोंगाड्या’ नाहीत. ‘सोंगाड्या’तली कलावती कलावंत आहे, तिला पोट आहे, मान आहे. पुढच्या चित्रपटांत नायिका हळूहळू निशाणा होत गेली. नाम्याचा भोळेपणा ही आधी एका माणसाची गोष्ट होती, नंतर ती ठरीव युक्ती झाली. तीच चड्डी, तीच आये, त्याच उषा चव्हाण, तोच महेंद्र कपूर आणि उषा मंगेशकरांचा आवाज, तीच गाण्यांची जागा. दादांना हे कळत नव्हते असे मानणे त्यांच्या हुशारीचा अपमान होईल. गिऱ्हाइकाला जे आवडते ते त्याच मापात द्यायचे, हे ते अपना बाजारच्या दुकानदारीतच शिकले असावेत. पण कलावंताने आपल्या यशाची इतकी तंतोतंत नक्कल केली की तो आधी टीकाकारांचा नव्हे, स्वतःचाच गुन्हेगार होतो. समीक्षकांनी पहिल्या दिवशी जे चुकीचे म्हटले होते, ते दहाव्या वर्षी बरोबर ठरले, आणि त्यांना वाटले की आपण पहिल्यापासूनच बरोबर होतो.

राजकारणाचाही भाग होता. कोहिनूरच्या दिवसापासून दादा बाळासाहेबांचे झाले, पुढे सेनेच्या सभांतून बोलले, सभा गाजवल्या. सेवा दलाच्या जुन्या सोबत्यांना ते खुपले. म्हणजे डाव्या-समाजवादी वर्तुळातून जो पाठिंबा मिळाला असता, निदान जी बौद्धिक कड कोणीतरी घेतली असती, तीही गेली. उजवीकडच्या संस्कृतिरक्षकांना तर ते कधीच नको होते. बाळासाहेबांना हवे होते, पण बाळासाहेब पुरस्कार समितीवर नव्हते.

आणि मग १८ जानेवारी १९८२. मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि बहुतेकजण पुन्हा आत गेले नाहीत. नायगाव, लालबाग, परळमधल्या ज्या चाळींनी दादांना जन्म दिला आणि मॅटिनीची तिकिटे घेतली, त्या चाळींत चुली विझायची वेळ आली. ‘आली अंगावर’ त्याच वर्षीचा, आणि नऊ रौप्यमहोत्सवांच्या ओळीतला तो शेवटचा. त्याला कारण संपच, असा दावा करणे धाडसाचे होईल. रंगीत टीव्ही आला, व्हिडिओ आला, दादा हिंदीकडे वळले, वयही झाले. पण एका माणसाचा प्रेक्षक आणि एका शहराचा कामगार एकाच वर्षी विस्कटला, हा योगायोग मला साधा वाटत नाही. पुढे मराठी विनोदाची सूत्रे महेश कोठारे आणि सचिन यांच्या हाती गेली. त्यांचे नायक फुलपँट घालत आणि शहरात राहत. ‘अशी ही बनवाबनवी’ मराठी घरांत आजही सहकुटुंब पाहिला जातो. त्याचे संवाद लिहिणारे वसंत सबनीस हेच ‘सोंगाड्या’चे लेखक.

दादा १४ मार्च १९९८ रोजी दादरमध्ये वारले. पद्म पुरस्कार त्यांना मिळाला नाही. त्यांच्या ‘एकटा जीव सदाशिव’ची गोष्ट घेऊन २००० साली महेश मांजरेकरांनी गोविंदाला घेऊन हिंदी चित्रपट काढला. दादांचे आत्मचरित्र अनिता पाध्ये यांनी शब्दबद्ध केले, त्याचे नाव ‘एकटा जीव’. ‘पांडू हवालदार’मध्ये ज्यांना लोकांनी पहिल्यांदा नीट पाहिले, त्या अशोक सराफांना महाराष्ट्र भूषण मिळाले आणि २०२५ साली पद्मश्री. ते योग्यच झाले. त्या बातम्यांत दादांचा उल्लेख एका ओळीत आला.

वाचकांना एक विनंती आहे. ‘सामना’ तुम्ही पाहिला असेल, नसेल तर पाहाच. मग त्याच आठवड्यात ‘सोंगाड्या’ लावा, आणि दोन्हीकडे दादांकडे किंवा लागूंकडे न बघता फक्त निळू फुल्यांकडे बघा. दोन चित्रपटांत चार वर्षांचे अंतर आहे. माणूस तोच आहे, आणि कोणत्या चित्रपटात त्याला अभिनय कमी येतो हे मला अजून सापडलेले नाही. तुम्हाला सापडले तर कळवा.